पासष्टावी आकृती

शाळेच्या वरच्या मजल्यावर लॅटिन, बीजगणित आणि इतिहास. खाली तळघरात सुतारकाम, छपाई आणि समोरच मुलींचा गृहशास्त्राचा वर्ग. वरची मंडळी खालच्यांशी हसून बोलत, पण जरा अंतर राखून. सुतारकाम शिकवणाऱ्या वाइनो कांगास मास्तरांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. सत्तावीस वर्षांत त्यांच्या वर्गात एकाही पोराचं बोट कापलं गेलं नव्हतं, आणि त्यांना तेवढं पुरे होतं. दर सप्टेंबरला पहिल्या दिवशी ते आपला डावा पंजा वर धरत.

"मोजा. पाच आहेत ना? मला ज्यानं शिकवलं त्याला तीनच होती. हत्यारं वाट्टेल तिथं टाकायचा."

म्हणून भिंतीवर तो फळा होता. पिवळा रंग, आणि प्रत्येक हत्याराच्या मागे नेमकी त्याच्याच मापाची काळी आकृती. करवत, पटाशी, रंधा, गुण्या, अशी चौसष्ट. हत्यार घेतलं की त्या खिळ्याला आपल्या नंबराचा पितळी बिल्ला अडकवायचा. तीस पोरं, तीस बिल्ले. तीन वाजून दहा मिनिटांनी घंटा झाली की सगळ्यांनी फळ्यासमोर रांग धरायची, आणि शेवटची आकृती भरेपर्यंत कुणी हलायचं नाही. एकदा एका गुण्यापायी मास्तरांनी बास्केटबॉलचा सामना बुडवून पोरांना साडेपाचपर्यंत ताटकळत ठेवलं होतं. तेव्हापासून नियम पोरांच्या अंगात मुरला.

थँक्सगिव्हिंगची सुट्टी संपल्यावरच्या सोमवारी रांग उभी राहिली ती हललीच नाही.

"सर, एक जागा रिकामी आहे," रेमंड ट्रेम्बाथ म्हणाला.

गुण्याच्या शेजारी लांब दांड्याची, पुढे वाटीसारखी एक काळी आकृती होती. ती मास्तरांनी रंगवलेली नव्हती. कुणाची तरी थट्टा, असं म्हणून ते रागावणार, तेवढ्यात रेमंड समोरच्या वर्गात पळाला आणि गृहशास्त्रातलं ओगराळं घेऊन आला. आकृतीच्या वर खिळाही होता; त्यानं ते त्याला लावलं. केसभरही फरक नव्हता. पोरं खिदळत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी गृहशास्त्राच्या लारोशबाई दारात उभ्या. "काय हो कांगास, आता रंधा सोडून सूप करणार का तुम्ही?"

ओगराळं घेऊन त्या हसत गेल्या. मास्तरांनी आकृतीवर पिवळा रंग फासला. तीन दिवसांनी बाई परत आल्या, तेव्हा हसत नव्हत्या.

"ह्यात सूप राहत नाही."

"भोक पडलं असेल."

"भोक नाही. पातेल्यातून भरून घेते, ताटलीपर्यंत येते, तोवर रिकामं. जमिनीवर थेंब नाही. हे घ्या, तुमच्याकडंच ठेवा."

पुढच्या आठवड्यात तिथंच चष्म्याची आकृती उमटली, आणि मास्तरांच्या नजरेस पडण्याआधीच भरलीही होती. चष्मा वरच्या मजल्यावरच्या लॅटिनच्या ऑग्डेनबाईंचा. कुणी आणला, कुणालाच सांगता येईना. "जागा रिकामी होती, सर," एवढंच पोरं म्हणाली. बाईंना चष्मा परत मिळाला. काच शाबूत, नंबर तोच. पण तो लावला की त्यांना पानावर अक्षरच दिसेना. नाताळाआधीच त्या रजेवर गेल्या.

मास्तर आता घाबरले. फळ्यावर लागलेली वस्तू परत नेता येत होती, तिचं काम मात्र फळ्याकडंच राहत होतं.

जानेवारीत हाताची आकृती आली. डावा पंजा, बोटं किंचित फाकलेली.

मास्तरांनी त्यावर फळी ठोकली आणि हातमोजे मागवायचे आहेत असं सांगून तीसही पोरांचे पंजे कागदावर काढून घेतले. सगळी गेल्यावर फळी काढून एकेक कागद लावून पाहिला. एकोणतीस जुळले नाहीत. रेमंडचा जुळला.

रेमंडचा बाप खाणीत दगावलेला. मिलवॉकीच्या एका कारखान्यात ओतकामाचे लाकडी साचे बनवायला रेमंडची निवड झाली होती. जूनमध्ये जायचं होतं. सत्तावीस वर्षांत असा हात मास्तरांनी दुसरा पाहिला नव्हता. त्यांना स्वतःचा मुलगा नव्हता, आणि हे ते कुणापाशी बोलत नसत.

त्यांनी आकृती खरवडून काढली, दोन हात रंग दिला आणि फळी पुन्हा ठोकली. दुसऱ्या दिवशी दुपारी आकृती त्या फळीवरच उमटलेली होती.

घंटा झाली. रांग उभी राहिली.

"जा पोरांनो, सुट्टी."

कुणी हललं नाही.

"जा म्हणतोय ना!"

"सर, एक जागा रिकामी आहे," सगळे म्हणाले. आवाजात ना भीती ना खोडी. मास्तरांनीच शिकवलेलं ते म्हणत होते.

रेमंड रांगेतून बाहेर आला. डावा हात पुढे, डोळे आकृतीवर.

मास्तरांनी त्याला खांद्यानं ढकललं आणि स्वतःचा पंजा फळ्यावर दाबला.

त्यांचा पंजा रेमंडच्यापेक्षा बोटभर मोठा होता. तरी तो तंतोतंत बसला.

लाकूड गार होतं. मग काहीच नव्हतं, गारही नाही.

"भरला फळा," कुणीतरी म्हणालं. पोरांनी डबे उचलले. रेमंड दारात थांबला. "उद्या येतो, सर."

मास्तरांनी हात काढला. पाचही बोटं जागेवर होती. घरी त्यांना त्या हातानं कॉफीचा कप उचलता आला नाही. चटका बसूनही कळलं नाही. तरी त्यांना रडू आलं ते सुटकेचं. पोरगा वाचला होता.

रात्री त्यांनी तो हात पांघरुणाखाली घेतला आणि गाढ झोपले.

सकाळी पहिल्या तासाआधी ते तळघरात उतरले. कुलूप त्यांनी स्वतः उघडलं. टेबलावरच्या पेटीतले बिल्ले आधी मोजले. तीस.

पंजाच्या आकृतीच्या वर आता खिळा होता, आणि त्याला एक पितळी बिल्ला लटकत होता. त्यावर नंबर नव्हता.

म्हणजे कुणीतरी हत्यार नेलं होतं, आणि वापरलं होतं.

त्यांनी डावा हात दिव्याखाली धरला. नखांत काळा रंग होता. उजव्या अंगठ्यानं पुसला तर पसरला. अजून ओला होता.

फळ्याच्या दुसऱ्या टोकाकडं त्यांनी अद्याप पाहिलं नव्हतं. मागं दार वाजलं. रेमंड आज लवकर आला होता.

"सर," तो म्हणाला, "ही नवी जागा माझ्याच उंचीची आहे."