तीस पावत्यांची सकाळ

"मी त्या चौकात गेलेच नाही, ताई! मग सिग्नल तोडला कुणी, माझ्या भुतानं?"

वाहतूक शाखेच्या तक्रार खिडकीवर शाळेची व्हॅन चालवणारी मावशी कागद आपटत होती. ही तिसरी पावती. तिसरीला परवाना तीन महिने जमा होतो. व्हॅन बंद म्हणजे चौदा पोरांची शाळाही बंद आणि मावशीच्या घरची चूलही.

खिडकीच्या आत हवालदारबाई होत्या. बाळंतपणाची रजा संपवून नुकत्याच आलेल्या, म्हणून रस्त्याऐवजी खुर्ची.

"आधीच्या दोन पावत्या?"

"त्या माझ्याच. एकदा हॉर्न, एकदा फाटकासमोर गाडी. खोटं कशाला बोलू?"

"मंगळवारी सकाळी पावणेनऊला कुठे होतात?"

"शाळेच्या दारात, एका पिल्लाच्या बुटाची नाडी बांधत होते. रोज सुटते मेली."

खोटं रचणारा माणूस बुटाच्या नाडीपर्यंत जात नाही. हवालदारबाईंनी अर्ज लिहायला सांगितला.

तेवढ्यात साहेब आले. हातात डबा होता. त्यांची आई मोठ्या दवाखान्यात होती आणि रोज दुपारी ते स्वतः डबा पोचवत. लेक असावा तर असा, असं सगळी शाखा म्हणे.

त्यांनी अर्ज उचलला आणि हसले. "आज एकोणतीस तारीख? बाई, एकवीस आहे एकवीस! तारीख धड लिहिता येत नाही आणि म्हणे सिग्नल पाळते."

"एकवीसच लिहिलंय की, साहेब."

"शाळेची पोरं साक्षीला आणणार का आता?" म्हणत साहेब गेले. मावशीनं पदराने डोळे पुसले. 

हवालदारबाईंनी मंगळवारची यादी काढली. पावती धाकटीच्या नावावर होती. धाकटी म्हणजे शाखेतली सर्वांत नवी शिपाई. तिच्या नावावर बरोब्बर तीस पावत्या होत्या आणि भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं: रोज किमान ३०.

अकरा पावत्या वेड्यावाकड्या अंतराने होत्या. उरलेल्या एकोणीस मात्र दर दोन मिनिटांनी, घड्याळ लावल्यासारख्या. अहो, 'पहिलीच वेळ आहे, सोडा ना' म्हणायलाच लोक पाच मिनिटं घेतात!

"मंगळवारी किती फाडल्यास गं?" त्यांनी धाकटीला विचारलं.

"अकरा."

"मग तीस कशा?"

"मला काय माहीत, बाई! लोक नीट चालवत होते. सिग्नल तोडा हो म्हणून त्यांच्या पाया पडू?"

"पावत्यांचं यंत्र कुणाकडे असतं?"

"दोन वाजता साहेबांच्या कपाटात जमा. पासवर्ड सगळ्यांचा एकच, भिंतीवर चिकटवलेला."

म्हणजे कुणीही. हवालदारबाईंनी त्या एकोणीस जणांना फोन लावले. मंगळवारी सकाळी कुठे होतात? दवाखान्यात. दवाखान्यात. वडिलांना बघायला, दवाखान्यात. अठरा जणांचं एकच उत्तर, तो मोठा दवाखाना. फक्त मावशी तिथे कधी फिरकलेली नव्हती.

हवालदारबाई तिकडे गेल्या. दवाखान्याच्या फाटकावरचे वॉचमनकाका येणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर वहीत लिहीत.

"ही वही कोण बघतं, काका?"

"टेबलावरच असते. कुणीही बघतं."

हवालदारबाईंनी मंगळवारचं पान उघडलं. अठरा नंबर सापडले. मावशीचा २९५७ नव्हता. मग काकांनी काढलेला ठसठशीत, मोठ्या डोक्याचा १ हा आकडा त्यांच्या नजरेत भरला, आणि त्यांनी पानाचा फोटो काढला.

संध्याकाळच्या हजेरीला सगळी शाखा उभी होती. मावशीला त्यांनी मुद्दाम बोलावलं होतं.

"साहेब, हा नंबर जरा मोठ्याने वाचता?"

साहेबांनी फोटो पाहिला. "एकोणतीस सत्तावन्न. का?"

"धाकटे, तू वाच."

"एकवीस सत्तावन्न," धाकटी म्हणाली.



"एकवीस सत्तावन्न ही तिथल्या डॉक्टरांची गाडी," हवालदारबाई म्हणाल्या. "काकांचा एक तुम्हाला नऊ दिसतो. मावशीच्या अर्जातला दिसला तसाच. आईचा डबा देऊन येताना तुम्ही वहीतले नंबर उतरवलेत आणि धाकटीच्या यंत्रात भरलेत. वेळ हातानंच टाकायची असते, ती दर दोन मिनिटांनी टाकलीत. इतर चुकलेले नंबर यंत्राने 'अशी गाडी नाही' म्हणून परत फेकले असतील. हा एक मात्र निघाला मावशीचा."

साहेबांनी फळ्याकडे बोट केलं. "वरून आकडा येतो, बाई. तीस झाले नाहीत तर मला उभं करतात."

"म्हणून तुम्ही हिला आडवं केलंत?" हवालदारबाईंचा आवाज चिरला. "त्या अठरा जणांचं कुणीतरी आजारी होतं. तुमच्या आईसारखं! त्यांच्या उशाशी बसलेल्यांना तुम्ही चौकात सिग्नल तोडायला लावलंत. लोक नीट वागले हाच गुन्हा झाला का हो?"

साहेबांनी हातातला रिकामा डबा टेबलाखाली सरकवला.

"चूक कबूल केल्याच्या कागदावर सही करा. एक प्रत वर जाईल. आकडा वरून येतो ना? मग उत्तरही तिथेच जाऊ दे."

त्यांनी सही केली. कपाटातून मावशीचा जमा केलेला परवाना निघाला. मावशीने तो छातीशी धरला आणि साहेबांना म्हणाली, "उद्या सकाळी शाळेच्या दारात या. लहान गटाबरोबर बसवते. एक ते दहा घोटून घेतात तिथे."

हसावं की नाही, कुणाला कळेना. धाकटी हसली.

हवालदारबाई फळ्यापाशी गेल्या. त्यांनी तीस हाताने पुसला, धाकटीच्या नावापुढे ११ लिहिलं, आणि कुणी नव्याण्णव वाचू नये म्हणून शेजारी लिहिलं: अक्षरी अकरा.