ताणावरची बाग

ठिबकच्या नळ्यांत पाणी सुटल्याचा आवाज आला, तशी द्वारका हातातली भाकर तिथंच ठेवून मोसंबीकडं धावली. कॉकवर हात ठेवून एक अनोळखी तरुण उभा होता... चेहऱ्यावर पुण्य केल्याचं समाधान.

"बंद करा आधी!"

"अहो, झाडं सुकलीत—"

"सुकली नाय, सुकवलीत!" तिनं त्याच्या हातावरूनच कॉक फिरवला. हात गार होता, ओला. दोघांनीही तो जरा उशिरानंच काढला.

त्याचं नाव बन्सी, राहणार हर्सूल. पोरांनी शेतीकडं वळावं म्हणून टीव्हीवर मालिका निघाली होती. तिचं शूटिंग पाचोडला आलं होतं आणि एक प्रसंग पहिल्यांदाच बन्सीनं लिहिला होता. हिरव्यागार बागेत शेतकरी नायक मुलीला मागणी घालतो. दोन दिवसांनी याच बागेत कॅमेरा लागणार, म्हणून तो बाग टवटवीत करायला निघाला होता.

"महिना झाला, पाणी तोडून ताण दिलाय. ताण बसला तरच बहार फुटतो," द्वारका म्हणाली. "आत्ता पाणी दिलं की नुसता पाला. वर्षाचं फळ गेलं. अन् तुम्ही शेती शिकवणार व्हय लोकांना?"

"मग तुम्ही मला शिकवा."

"हे घ्या खुरपं. भिजलेली माती उकरा, उन्हाला घाला."

तो खरंच उकरत बसला. अकरा झाडं. तळहाताला फोड आले. दुपारी तिनं ठेचा-भाकर दिली.

"तिखट आहे," तो म्हणाला.

"ठेचा?"

"तोही."

ती तोंड फिरवून हसली.

"पलीकडं कारभारीकाकांची हिरवी बाग हाय," ती मग म्हणाली. "तिथं घ्या तुमचा प्रसंग."

"नको. ते बघून कुणीतरी ऐन ताणात पाणी सोडायचा... माझ्यासारखा."

दुसऱ्या दिवशी त्यानं दिग्दर्शकाला तेच सांगितलं. बाग वाळलेलीच दाखवायची. नायिका ताण समजावून सांगेल. दिग्दर्शक म्हणाले, "वाळक्या झाडांत कोण प्रेम करतं?" अन् प्रसंग कापला.

गाड्या गंगापूरला निघाल्या, तेव्हा बन्सी बांधावर आला.

"गेला माझा प्रसंग."

"वाईट वाटतंय?"

"वाटतंय ना. पहिलाच होता. पण पुन्हा लिहायची वेळ आली, तरी असाच वाळल्या बागेत लिहीन."

द्वारका पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. गाडीचा हॉर्न वाजला... तो जागचा हलला नाही.

"पुढच्या रविवारी... घरच्यांना घेऊन बघायला येऊ का?"

"दोन दिवस काय डोळे मिटून बसला होता?"

तो गोंधळला. "म्हणजे... नको?"

"बघायचं झालंय," ती म्हणाली. "आईला तेवढं आणा."