बिनतक्रारीचा येऊ का?

सत्यभामेला तो पहिल्यांदा दिसला, तेव्हा त्याचा फक्त पायच दिसला.

सकाळची वेळ. ती चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. एकाएकी डोक्यावर कडाड् आवाज झाला, सिमेंटच्या पत्र्याचा तुकडा परातीत पडला आणि मागोमाग एक पाय गुडघ्यापर्यंत घरात आला... आणि तिथंच लोंबकळत राहिला.

"कोण हाय वर?"

"मी... संस्थेचा सुपरवायझर. छप्पर बघाया चढलतो."

"मग, बघून झालं का?"

"झालं. पण पाय निघंना. जरा – जरा खालून धरता का?"

सत्यभामेनं पिठाचे हात कमरेवर ठेवले. "ओळख न्हाई, पाळख न्हाई, अन् एकदम पाय धरू?"

मग छपरावरून असं मोकळं हसू आलं की तिलाही हसू आवरेना. स्टुलावर चढून तिनं तो पाय वर ढकलला. नडगीवर तिची पाची बोटं पिठानं उमटली.

थोड्या वेळानं पायाचा मालक दारात उभा राहिला. सावळा, उंच, केसांत पत्र्याची धूळ. नाव गहिनीनाथ, गाव धारूर.

"तुमचं छप्पर लई कमजोर हाय," तो म्हणाला.

"तुमी चढायच्या आधी बरं होतं."

दिंद्रुडच्या अलीकडं माळावर सहकारी गृहसंस्थेच्या चार चाळी होत्या. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आणि साखर कारखान्यातले हंगामी कामगार तिथं थोड्या भाड्यानं राहायचे. त्या वर्षी पाऊस झाला नाही. ऊसच नाही म्हटल्यावर कारखान्याचं धुराडं थंड राहिलं, तोडीला गेलेली माणसं अर्ध्यातून परतली. संस्थेचे अध्यक्ष बबनराव म्हणाले, माणसं घरी हायत, हातांना काम न्हाई, तर घरंच दुरुस्त करून घेऊ. एकामागून एक घर घ्यायचं. पांढरा रंग दिलेले नवे पत्रे, हवेशीर खिडकी, धड बसणारं दार. भाडं वाढणार नव्हतं. गिलावा तेवढा थांबवला होता, कारण भिंतीला पाजायला पाणी आणायचं कुठून?

पाण्याचा टँकर एक दिवसाआड यायचा, आणि नंबर लावायचं काम सत्यभामेकडं होतं. ती कुणाला पुढं घुसू द्यायची नाही. तिची आई रुक्मिणीबाई घागर घेऊन आली, तरी तिला शेवटी उभं करायची. म्हणून चाळीत तिच्या शब्दाला वजन होतं.

भोक पाडल्यामुळं पहिलं छप्पर त्यांचंच झालं. मग खिडकी आली, दार आलं. गहिनीनाथ रोज यायचा, आणि सत्यभामेला त्याचं एकेक नवल वाटायचं. हा भिंतीला कान लावून बोटानं टकटक का करतो? आणि कुणाच्याच घरचं पाणी का पीत नाही? तिनं दोनदा तांब्या पुढं केला, दोनदा त्यानं मान हलवली. शेवटी तिला राहवेना.

"भिंत काय बोलती?"

"म्हणती, आतून पोकळ झालीय. वरून कळत न्हाई."

"अन् पाणी कावून घेत न्हाई आमचं? चालत न्हाई का?"

तो एकदम ओशाळला. "तसं न्हाई ओ. मी दिवसाला धा घरं हिंडतो. घरोघरी तांब्या प्यालो, तर रातच्याला कुणाचं तरी लेकरू तहानलेलं झोपंल. बाटली हाय की माझ्याजवळ."

त्या दिवशी सत्यभामेनं त्याच्याकडं नीट पाहिलं. तो गेल्यावरही... पाहतच राहिली.

आणि मग घराचं काम संपलं. गहिनीनाथ आपला मिस्त्री घेऊन पुढं सरकला. दिवसभर ठोकाठोकीचा आवाज यायचा, पण दुसऱ्याच घरातून. तिसऱ्या दिवशी सत्यभामेनं वारलेल्या बापाची जुनी पक्कड काढली, नव्या दाराची कडी हळूच वाकवली आणि निरोप धाडला. कडी लागत न्हाई.

तो आला. कडी सरळ केली. जाता जाता म्हणाला, "वारं लई सुटलंय वाटतं तुमच्याकडं."

"हाय ना... ह्या दाराला जास्तच लागतंय."

पुढं खिडकीचा खटका बिघडला. मग बिजागरी सैल झाली. दर वेळी तो यायचा, मिस्त्रीही हातातलं काम टाकून त्याच्यामागं यायचा, आणि एक कडी दुरुस्त व्हायला अर्धा दिवस लागायचा. धारूरच्या किल्ल्याच्या गोष्टी निघायच्या, तिच्या शाळेतल्या भांडणांच्या निघायच्या. रुक्मिणीबाई ज्वारी निवडत सगळं ऐकायची. बोलायची नाही.

बोलली ती छबुबाई. मागच्या चाळीतली. टँकरपाशी घागर भरून झाल्यावर तिनं सत्यभामेला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही.

"बाई, माझी लेक बाळंत होऊन आलीय. पत्रा असा तापतो की लेकराच्या अंगावर घामोळं उठलंय. नंबर माझाच हाय म्हणं, पण मिस्त्री तुझ्याच दारात. पाण्याच्या नंबरात तू सख्ख्या मायला पुढं घेत न्हाईस... मग छपराच्या नंबरात असं कसं गं?"

सत्यभामेच्या हातातली टँकरची नळी तशीच वाहत राहिली. पाणी सांडतंय, हेही तिला दुसऱ्यानं सांगावं लागलं.

ती तशीच गहिनीनाथकडं गेली. तो बाभळीखाली पत्रे मोजत होता.

"कडी वाऱ्यानं न्हाई वाकली. मी वाकवली. खटका बी मीच मोडला."

"ठावं हाय." तो हसला. "वाऱ्याला पकडीचे दात असतेत व्हय?"

"ठावं हाय? मग बोलला कावून न्हाई?"

"बोललो असतो तर... परत बोलावलं असतं का तुमी?"

दुसऱ्या कोणत्याही दिवशी हे ऐकून ती मोहरली असती. आज तिचे डोळे भरले.

"आपल्या दोघांच्या हौसेपायी तिकडं लेकरू भाजतंय. चला, उठा."

त्याचं हसू मावळलं. त्यानं मिस्त्रीला हाक मारली. दुपारच्या उन्हात छबुबाईचं छप्पर उघडलं. चाळीतल्या बाया-माणसांनी हातोहात पत्रे पुढं दिले, सत्यभामेनं शिडी धरली. कुणी थट्टा केली, कुणी डोळे मिचकावले – तिनं मान वर केली नाही. उन्हं कलली तेव्हा नव्या छपराखाली ते तान्हं मुठी मिटून गाढ झोपलं होतं.

गहिनीनाथ ओट्यावर बसला. शर्ट घामानं चिकटलेला, बाटली रिकामी.

"आज पाणी द्या," तो म्हणाला.

तिनं आपल्या घरातून तांब्या आणला. त्यानं डोळे मिटून सगळा संपवला.

"ह्या महिन्यात चाळी पुऱ्या होतील. मग आमचं काम कपिलधारकडल्या वसाहतीवर."

"हां..." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी आता तक्रार न्हाई करणार."

"करू बी नका. पण मी येऊ का – बिनतक्रारीचा?"

तांब्या उचलत ती हळूच म्हणाली, "वडिलांना घेऊन या."

पुढच्या रविवारी तो आला. सोबत त्याचे वडील राधाकिशन, धुवट धोतर, हातात केळ्यांची फणी. रुक्मिणीबाईनं घोंगडी अंथरली, चहा ठेवला आणि सरळ विषयाला हात घातला.

"पोरगा चांगला हाय, ते मी इतके दिवस बघतेच हाय. पण घर कसं हाय तुमचं?"

राधाकिशन काही गोड बोलणार, तेवढ्यात गहिनीनाथच म्हणाला, "घर दगडी हाय मावशी, पक्कं हाय. पण डोंगराच्या कडंला. पाणी लांब हाय, चढ बी हाय. खोटं कशाला सांगू?"

रुक्मिणीबाईचा चेहरा पडला. उभा जन्म तिनं घागरी वाहिल्या होत्या. "म्हंजे माझ्या लेकीनं तिथं बी पाणीच आणायचं?"

"तिनं न्हाई. मी आणीन."

चुलीवर चहा उतू जायला आला होता. तिथून, पाठमोरीच, सत्यभामा म्हणाली –

"दोघं आणू."