भुवई उडवल्याचा पुरावा

खरं सांगते, त्या दुकानात मी लॅपटॉप घ्यायला शिरलेच नव्हते. पाऊस आला म्हणून शिरले. छत्री घरी, केसांतून पाणी गळतंय, आणि समोर काउंटरमागे एक मुलगा उभा. भुवया अशा, की कुणी फुरसतीत बसून काढल्या असाव्यात.

"हे घ्या, पुसा." त्याने एक मऊ फडकं पुढे केलं.

"हे तर लॅपटॉपचे पडदे पुसायचं फडकं आहे ना?"

"हो. पण आज दुकानात सगळ्यात जास्त भिजलेल्या तुम्हीच आहात, मिस."

मी हसले... आणि हसले तिथेच फसले. कारण लॅपटॉप मला हवाच होता. मनिलाचा एक कार्टून स्टुडिओ मला काम देणार होता, घरी बसून पात्रांच्या मागची दृश्यं रंगवायचं. डोंगर, गल्ल्या, स्वयंपाकघरं. महिनाअखेरीपर्यंत सहा चित्रं चाचणीची. पास झाले तर आमचं इलोइलो गाव सोडायची गरज नाही. नाही तर दुबईला माझी मोठी मावसबहीण, मानांग रुफा, हॉटेलात माझ्यासाठी नोकरी धरून बसली होती. घरात मी आणि ताताय दोघंच. ताताय म्हणजे माझे वडील, ते असे, की चारदा हाक मारल्याशिवाय ताटावर बसत नाहीत. त्यांना सोडून कसं जायचं?

म्हणून मी त्या मुलाला सगळं नीट सांगितलं. चित्रं कसली, एका चित्रात एकावर एक रंगवायचे थर किती, सगळं. मग एका सडपातळ, देखण्या लॅपटॉपवर बोट ठेवलं.

"पन्नास थरांचं चित्र यावर चालेल ना? मध्येच अडकणार नाही ना?"

त्याने माझ्याकडे बघत दोन्ही भुवया उडवल्या. आता आमच्याकडे याहून स्पष्ट 'हो' कोण म्हणतं? मी लॅपटॉप घेऊन घरी आले.

बाराव्या थराला तो लॅपटॉप जो थिजला, तो थिजलाच.

तिसऱ्या दिवशी मी तो छातीशी धरून पुन्हा दुकानात. या वेळी डोक्यावरची पाटी दिसली — 'विकलेला माल परत घेतला अथवा बदलून दिला जाणार नाही.' मी तोंड सोडलं. पण आमच्या बोलीची हीच तर पंचाईत! इलोइलोचं माणूस चिडलं तरी अंगाई म्हटल्यासारखं वाटतं. मी तावातावाने बोलत होते आणि तो गालात हसत होता.

"हसताय काय? मी भांडतेय!"

"कळलं. अजून थोडं भांडा ना... छान वाटतंय."

तेवढ्यात आतून त्याची मावशी आली. दुकान तिचं. तिता चारिंग. अंगाने लहान, आवाजाने दुकानभर. "मशीन बिघडलंय का? नाही. मग झालं तर! तुझं मन बदललं, इंदाय पोरी. मन आम्ही बदलून देत नाही. पाटी वाच."

मी बाहेर पडले. डोळे भरून आले होते, पाऊस होता म्हणून निभावलं. कोपऱ्यापर्यंत पोचते न पोचते तोच डोक्यावर छत्री आली. तो धापा टाकत होता.

"मी नांते. ती पाटी... ती लावायची परवानगीच नाही. ग्राहकांच्या तक्रारींचं सरकारी कार्यालय आहे, तिथे अर्ज द्या. वकील लागत नाही."

"तुम्ही स्वतःच्या मावशीवर तक्रार करायला सांगताय?"

"मावशीवर नाही, पाटीवर." तो जरा घुटमळला. "बात्चोय खाणार? भांडून भूक लागली असेल."

बात्चोयच्या, आमच्या शेवयांच्या सुपाच्या, वाफाळत्या वाडग्यांवर वाकून आम्ही बोललो. दुकानदाराने दुसऱ्यांदा फुकट सूप ओतलं तसा नांते म्हणाला, "बघा, या गावात मागितली की मिळणारी एवढी एकच गोष्ट." मग गंभीर झाला. "नुसता आवडला नाही म्हणून परत देत असाल, तर मावशीचं बरोबर आहे. पण कशासाठी हवाय ते तुम्ही सांगितलं आणि दुकानाने 'चालेल' म्हटलं, तर जबाबदारी दुकानाची."

"मग? 'चालेल' कोण म्हणालं?"

तो वाडग्यात बघत राहिला. कान मात्र लाल झाले.

मी अर्ज दिला. सहा दिवसांनी त्या सरकारी कार्यालयाने आम्हाला समोरासमोर बोलावलं. टेबलामागे अधिकारी मिसेस पाल्मारेस, नाकावर चष्मा. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तिता चारिंग आणि खाली मान घातलेला नांते. मागाहून कळलं, त्याची आई गेल्यापासून त्याला मावशीनेच वाढवलं होतं, शिकवलं होतं. हे आधी ठाऊक असतं तर मी अर्ज दिला असता का, कोण जाणे.

"तुम्ही विचारल्यावर विक्रेता नेमकं काय म्हणाला?" मिसेस पाल्मारेसनी पेन उचललं.

"म्हणाला काही नाही, मॅडम. भुवया उडवल्या."

"दोन्ही?"

"दोन्ही."

त्यांनी ते गंभीरपणे लिहून घेतलं. तिता चारिंग उसळली. "अहो, भुवया तर माणूस ओळख दाखवायलाही उडवतो! रस्त्यात कुणी भेटलं की आपण नाही का उडवत? पोरगं नमस्कार करत होतं!"

मिसेस पाल्मारेस नांतेकडे वळल्या. "खरं सांग, तोतो बाळा. 'हो' होतं, की नमस्कार?"

त्याने 'हो' म्हटलं तर मावशी दुखावणार. 'नमस्कार' म्हटलं तर माझी दुबई पक्की.

"नमस्कार होता," तो म्हणाला.

झालं, दुबई.

"म्हणजे... त्यांनी काय विचारलं ते मी ऐकलंच नव्हतं, मॅडम. त्या बोलत होत्या, गालावरून पाणी ओघळत होतं, मी बघत राहिलो. त्या थांबल्या तेव्हा वाटलं, काहीतरी करायला हवं. म्हणून भुवया उडवल्या. मला एवढंच म्हणायचं होतं, की... तुम्ही आलात, बरं झालं."

मिसेस पाल्मारेसनी चष्मा काढून पुसला. तिता चारिंग भाच्याकडे अशी बघत होती, जशी त्याला आजच पहिल्यांदा बघतेय. आणि मी... माझं सगळं बुडत होतं, आणि तरी आतून मला इतकं बरं वाटत होतं की स्वतःचाच राग आला.

"तुझ्या मनात काय होतं ते तुझ्यापाशी," मिसेस पाल्मारेस शेवटी म्हणाल्या. "गिऱ्हाइकाने प्रश्न विचारला आणि काउंटरमागच्या माणसाने भुवया उडवल्या. तिने त्याचा अर्थ 'हो' घेतला, यात तिची काय चूक? दुकानात उभं राहून प्रेमात पडायचं असेल तर आधी प्रश्न ऐकावा. काय करताय, चारिंग? समजुतीने मिटवताय, की पुढे नेऊ?"

तिता चारिंगने लांब उसासा टाकला. "मोठं मशीन देते बदलून. आणि तू रे, गाढवा... दुकानात गेल्यावर पहिली ती पाटी उतरव."

नव्या मशीनवर पन्नास काय, सत्तर थर झाले. मी नऊ दिवस मान वर न करता रंगवत होते. नांते रोज संध्याकाळी मशीन ठीक आहे का बघायला यायचा. मशीन ठणठणीत असायचं. मग तो तातायना पाणी भरून द्यायचा, लाकडं फोडायचा, आमच्याकडची पोरं आवडत्या मुलीच्या घरी वर्दळ वाढवतात तसं सगळं. पण त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल त्याने पुन्हा अवाक्षर काढलं नाही, आणि मीही नाही. मला दुबईला जायचं असेल तर अडवायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं म्हणे. हे मला तातायनी सांगितलं.

स्टुडिओचं पत्र आलं. पास झाले! त्याच संध्याकाळी मानांग रुफाचा फोन. स्वयंपाकघरात ताताय मासे साफ करत होते, नांते कांदा चिरत होता.

"काम मिळालं ते छान गं, पण पगार इथे दुप्पट आहे," रुफा म्हणाली. "एक वर्ष ये. स्टुडिओला नंतर सांगता येईल. मला आज उत्तर द्यायचंय. येतेस ना?"

'ताताय एकटे पडतील' हे कारण तयार होतं. कामाचंही होतं. दोन्ही खरी होती. पण जिभेवर तिसरंच आलं.

"नाही येत, मानांग. इथे एक मुलगा आहे. तो मला आवडतो... फार आवडतो."

स्वयंपाकघरातली सुरी थांबली. रुफा पलीकडून किंचाळत काय काय विचारत होती, ते मला ऐकू आलंच नाही. ऐकू आला तो तातायचा आवाज.

"नांते, तो कांदा मी चिरतो. तू बाहेर जा बघू. ती दुबईला सांगत नाहीये, तुला सांगतेय."