पाणथरीच्या चोवीस काचा

प्रयोगशाळेच्या जिन्याच्या वळणावर कुणीतरी म्हणालं, "हलू नका हं... तो तुमच्या पदराशी आहे."

शशिकलाने खाली पाहिलं. पांढराशुभ्र उंदीर, आणि त्याच्यामागे गुडघे टेकून बसलेला एक उंच तरुण.

"घाबरलात?"

"उंदराला नाही," ती म्हणाली... आणि स्वतःच लाजली.

हा संताजी. घराणं होळकरांच्या फौजेतलं, पण याचा जीव सूक्ष्मदर्शकात. मध्य भारत राज्य होऊन पाच वर्षं झाली होती. इंदूरच्या एका प्रयोगशाळेत तो उंदरांना दुधातल्या केसिनची इंजेक्शनं देई. काही आठवड्यांत त्यांच्या पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, अमिलॉइड नावाच्या प्रथिनाचा मेणचट थर साचे. शरीराच्या रक्षक पेशी तो थर खाऊन टाकतात, असं त्याचं ठाम मत होतं. पाणथरीचे पातळ काप लावलेल्या काचांवरच्या पेशी मोजायचं काम तिथे नव्यानेच लागलेल्या शशिकलाकडे आलं.

"संताजीराव, काच तिकडे आहे," ती मान वर न करता म्हणे.

"मालूम आहे. तिकडे तर रोजच पाहतो."

एकदा तो म्हणाला, "निकाल लागू दे, मग अप्पासाहेबांना भेटायला येतो."

"बाबांना? कशासाठी?"

"ते... आधी तुम्हालाच विचारीन."

श्रावणात मोजणी संपली. चोवीस काचा. जिथे रक्षक पेशी जास्त, तिथेच थरही जास्त. तिने तीनदा मोजलं. पेशी थर खात नव्हत्या. बहुधा त्याच तो घालत होत्या. दोन वर्षांची त्याची मेहनत... त्याचा उतरलेला चेहरा पाहायचं तिला धैर्य होईना. तिने वही सरळ प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

संताजीला ते सरांकडून कळलं, चार जणांसमोर.

आठ दिवस तो फिरकला नाही. नवव्या दिवशी आला, तो कपाट रिकामं करायला.

"मोजणी बरोबर आहे," तो म्हणाला. "त्याचं काही नाही. पण आधी मला का नाही सांगितलंत?"

"तुमचा चेहरा... पाहवला नसता."

"का?"

टेबलाच्या कडेवरून तिचं बोट फिरत राहिलं. "तो मला फार आवडतो म्हणून."

संताजी हळूच खुर्चीवर टेकला.

"मला वाटलं, तुम्हाला माझी लाज वाटते," तो म्हणाला. "घरचे मागे लागलेच होते. रविवारी देवासच्या स्थळाला होकार दिला... सुपारी फुटली."

शशिकलाने टेबलावरची एक काच उचलून डब्यात ठेवली.

"मुलगी चांगली आहे?" तिने विचारलं.

"चांगली आहे. तिचा काय दोष."

"मग एक ऐका," शशिकला म्हणाली. "काही वाईट सांगायचं असलं, तर आधी तिलाच सांगत जा."