एका धड्याला बोटभर केस

बाबांचा उजवा हात मोडला नसता, तर या दोघांची गाठ पडलीच नसती. बाबा म्हणजे निवृत्त शिंपी, टापटिपीचे मोठे भोक्ते. डाव्या हाताने दाढी करायला गेले आणि हनुवटीवर दोन ठिकाणी कापून घेतलं. मग त्यांची मुलगी त्यांना कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये घेऊन गेली. ही मुलगी घराच्या पुढच्या खोलीत मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवायची, म्हणून सगळी गल्ली तिला मॅडम म्हणायची.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. खिडकीजवळच्या खुर्चीमागे एक तरुण कारागीर उभा होता. त्याने बाबांकडे पाहिलं, मग तिच्याकडे… मग घसा खाकरून म्हणाला, "टेक अ सीट, सर. अँड टेक युवर नेक… बॅक."

तिला हसू आवरेना. बाबा मात्र शांतपणे म्हणाले, "आपल्याकडेही टेक म्हणजे बूड टेकच. बसतो, बाबा."

शेजारच्या खुर्चीवरचं गिऱ्हाईक साबणाच्या फेसातूनच म्हणालं, की मौनीबाबाच्या तोंडून एवढे शब्द ते पहिल्यांदाच ऐकतंय. मौनीबाबा हे त्या कारागिराचं गल्लीने ठेवलेलं नाव. न बोलणारा केस कापणारा म्हणजे आक्रीतच. पण लोक लांबून यायचे ते त्यासाठीच. त्याच्या उस्तादांनी त्याला शिकवलं होतं, की तोंड चाललं की हात चुकतो. ते त्याच्या हाडीमांसी खिळलं होतं. आता मात्र त्याची पंचाईत झाली होती. प्रवासी जहाजावरच्या सलूनमध्ये काम मिळायची संधी आली होती आणि परीक्षा मोठी विचित्र होती. कंपनीचा माणूस खुर्चीत बसणार, केस कापून घेणार आणि कात्री चालू असेपर्यंत इंग्रजीत गप्पा मारणार.

"मग माझ्या पोरीकडे ये," बाबा आरशातून म्हणाले. तिला कुणी विचारलंच नाही.

तो आला. इस्त्रीचा शर्ट, ओले केस आणि काखेत कात्र्यांची पिशवी. तिने पहिल्याच दिवशी ठरवलं, की याला दहा क्रियापदं शिकवण्यापेक्षा एकच धड शिकवू. 'टेक' घेऊ. एकट्या टेकवर निम्मं दुकान चालतं. टेक अ सीट म्हणजे बसा. टेक ऑफ म्हणजे चष्मा काढा. विमान उडतं तेही टेक ऑफच. टेक इन म्हणजे सैल सदरा आत घेणं, एखाद्याला घरात आसरा देणं, आणि चक्क फसवणंसुद्धा. टेक आफ्टर म्हणजे बापाच्या वळणावर जाणं. ऐकता ऐकता त्याचे डोळे विस्फारले.

"एवढ्या कामांना एकच शब्द? गरीबच दिसते भाषा."

"आपलं घेणं काय कमी आहे?" ती म्हणाली. "आपण श्वास घेतो, फिरकी घेतो, मूल कडेवर घेतो…"

"आणि एखादी गोष्ट मनावर घेतो," तो म्हणाला, आणि उगाचच कात्री पुसत बसला.

नुसता बसला की तो छान बोलायचा. पण हातात कात्री घेतली, की तोंडाला कुलूप. म्हणजे सरावाला डोकं हवं, तेही इंग्रजी बोलणारं. बाबांनी आपलं देऊ केलं, पण तिथलं पीक दोन धड्यांत संपलं. तेव्हा ती सहज म्हणावं तसं म्हणाली, "माझे कापा. मला नाहीतरी कमी करायचेच होते."

ही शुद्ध थाप होती. शाळेपासून जपलेले तिचे केस कमरेच्या खाली पोचत होते आणि त्यांचा तिला केवढा अभिमान होता. पण बोलून गेली. ठरलं असं, की एका धड्याला बोटभर केस.

मग तो तिच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधायचा आणि ती गिऱ्हाईक व्हायची. हवा कशी आहे, जहाज कुठवर आलं, तुम्ही हे काम कधी हाती घेतलं, म्हणजे टेक अप… सगळं इंग्रजीत. सुरुवातीला तो प्रत्येक उत्तराला कात्री थांबवायचा. मग अर्ध्या वाक्यापर्यंत ती चालायला लागली, मग पुरतं वाक्यभर. मानेमागे ती थंडगार कच्-कच् आणि वर त्याचा अडखळता आवाज. तिला त्या आवाजाची सवय झाली. सवय कसली, ती धड्याच्या दिवसाची वाटच पाहायला लागली.

केस कमरेवरून पाठीवर आले, पाठीवरून खांद्याकडे निघाले. आत्या भेटायला आली आणि दारातच थबकली. "काय गं," ती म्हणाली, "परीक्षा त्याची आहे, मग भादरून घेतेयस तू?" बाबांनी वर्तमानपत्रात तोंड खुपसलं आणि आत्याला जे कळायचं ते कळलं.

तिला स्वतःला ते कळलं एका चुकीमुळे. त्या दिवशी तो कापता कापता ऐटीत म्हणाला, "आय टेक युवर टाइम, मॅडम." म्हणायचं होतं, तुमचं सावकाश होऊ द्या, म्हटलं भलतंच, मी तुमचा वेळ खातो. एरवी तिची भुवई चटकन वर गेली असती. आज गेली नाही. ही चूक राहिली तर बरंच… तो नापास होईल, इथेच राहील. एवढं मनात आलं आणि ती स्वतःच दचकली. आपण या माणसाच्या प्रेमात पडलोय हे तर झालंच, पण प्रेमापायी वाईट शिकवायलाही निघालोय. तिला स्वतःचा राग आला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती सलूनमध्ये शिरली. खुर्चीत एक गिऱ्हाईक फेस लावून बसलं होतं, बाकावर आणखी तिघं. त्यांच्यादेखत तिने सांगितलं, की काल ते वाक्य चुकलं होतं आणि मी सुधारलं नाही, चूक माझी. टेक युवर टाइम, एवढंच म्हणायचं. तो वस्तरा हातात धरून ऐकत राहिला. तिला वाटलं, तो विचारेल का सुधारलं नाही म्हणून. त्याने विचारलं नाही. तिकडे गिऱ्हाइकाच्या गालावरचा फेस वाळायला लागला.

त्यानंतर तो झपाट्याने सुधारला. कात्री थांबेना आणि बोलणंही थांबेना. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी शेवटचा धडा झाला. तिने त्याला उलटसुलट विचारलं, तो कुठेही अडला नाही. उत्तम, ती म्हणाली आणि कापड सोडून झटकायला खिडकीशी गेली. कापडातून काहीच पडलं नाही. तिने पुन्हा झटकलं. खाली पाहिलं, फरशी स्वच्छ. मग आरशात पाहिलं. केस अजून खांद्यालाच टेकलेले… मागच्या आठवड्यात होते तेवढेच. त्याच्या आधीच्या आठवड्यातही तेवढेच होते, आता तिच्या लक्षात आलं. गेले दोन-तीन आठवडे कात्री नुसती हवेत चालत होती. त्याने तिच्या केसालाही धक्का लावला नव्हता.

"तुम्ही कापतच नव्हता," ती म्हणाली.

तो कात्री पिशवीत ठेवत होता, तो थांबला. "खांद्याच्या वर मोजकेच राहिले होते. संपले असते तर धडा संपला असता."

"धडा तसाही उद्या संपतोय."

"हो ना," तो म्हणाला. "ते काही माझ्या कात्रीच्या हातात नव्हतं."

 ती पुन्हा खुर्चीत येऊन बसली आणि कापड स्वतःच गळ्याभोवती घेतलं. हवेत कापून कुणी परीक्षा पास होत नाही, म्हणाली. कंपनीच्या माणसाचं डोकं खरं असणार. आता खरे कापा.

त्याने गाठ बांधली.  तिने गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं, तोच तो बोलायला लागला. मराठीत. कात्री चालू होती, कच्-कच् केस पडत होते आणि मौनीबाबा बोलत होता. लहानपणापासून दुसऱ्याच्या खुर्चीमागे उभा आहे, म्हणाला. हे एक जहाज सोडलं तर आयुष्यभर तेच चार रस्ते. म्हणून जायचंय. पण त्या दिवशी तुम्ही चूक सुधारायला सलूनमध्ये आलात, आणि तुम्ही ती आधी का सोडली हे मला दाढी अर्धी राहिलेल्या त्या गिऱ्हाइकाच्याही आधी कळलं. तेव्हापासून पाय निघत नाहीये.

"मी तुम्हाला थांबवणार नाही," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "मला तुम्ही फार आवडता. पण तुम्ही माझ्यासाठी राहिलात, तर मला ते कधीच बरं वाटणार नाही."

"राहणार नाहीये," तो म्हणाला. "पास झालो तर आठ महिने जहाजावर. मग मी इथे येणार, या घरी, बाबांना विचारायला. तुम्हाला आठ महिने वाट बघायला जमेल का, तेवढं सांगा. थांबाल?"

ती वळायला गेली. "हलू नका," तो म्हणाला. कात्री अगदी तिच्या कानाशी होती.

तिला मान हलवता येईना. तेव्हा जे नुसत्या मानेने भागलं असतं, ते तिला तोंडाने, मोठ्याने म्हणावं लागलं. "थांबेन," ती म्हणाली. आणि आतल्या खोलीत बाबांच्या हातून वर्तमानपत्र खाली पडल्याचा आवाज आला.