तीन नंबरची बाटली

सभागृहाच्या दाराला बाहेरून कडी घालायचा हुकूम तुम्ही दिलात, साहेब. तुमचं नाव मी इथं लिहीत नाही. त्या दुपारी आत कोंडलेल्या साठ पोरापोरींना ते पाठ आहे. तुम्ही म्हणालात, शिस्तीसाठी. एका पोरीकडून माफीनामा लिहून घ्यायला साठ माणसं कोंडावी लागतात, ही कुठली शिस्त?

घडलं ते असं.

१९७३ चा मार्च. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात विद्यापीठाचा परिसंवाद भरला होता. बी.एस्सी.च्या पोरांनी वर्षभर केलेलं संशोधन पाहुण्यांसमोर मांडायचं होतं. अध्यक्षस्थानी कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे साहेब; शाहूपुरीत त्यांची गुळाची पेढी.

दुपारी कुलसुम उठली. मंगळवार पेठेतली पोर. तिचा बाप दिलदार गुऱ्हाळांतल्या रस उकळायच्या काहिलींना ठिगळं मारत गावोगाव फिरायचा. उकळत्या रसात गुऱ्हाळवाले एक पांढरी पूड टाकतात आणि गूळ पिवळाधमक होतो, हे त्यानंच तिला सांगितलं होतं. कुलसुमनं शाहूपुरीतल्या पेढ्यांवरून गुळाचे पाच नमुने आणले. तीन नंबरच्या नमुन्यात पूड ठासून भरलेली निघाली. प्रयोगशाळेत तिनं आठ वेळा तपासलं. पूड असली की चंचुपात्राच्या तोंडावर धरलेला शिशाच्या क्षाराचा कागद काळा पडतो; तो आठही वेळा पडला.

आदल्या संध्याकाळी तिनं पाचही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, सुतळीनं बांधल्या, प्रत्येक सुतळीला नंबराची चिठ्ठी अडकवली आणि कपाटात ठेवल्या. आता व्यासपीठावर तिनं तीन नंबरचं पुडकं सोडलं, आणि बाटली टेबलावर ठेवून दिली.

"ही माझी बाटली न्हाय," ती म्हणाली.

तिला पुढं बोलू न देता साहेबांनी चिठ्ठी उचलली. अक्षर कुणाचं? तिचंच. मग नाटक पुरे, प्रयोग कर, असं त्यांनी सांगितलं. तिनं केला. कागद पांढराच राहिला. मागून कुणीतरी हसलं.

साहेब उभे राहिले. ज्या बाजारपेठेवर कोल्हापूर जगतं, तिला बदनाम करायला ही मुलगी खोटे आकडे घेऊन आली, असं ते म्हणाले. पाऊण तासात तसं लिहून द्यायचं. नाहीतर नाव कमी, पुढच्या महिन्यातली परीक्षा बंद. तोवर कुणी बाहेर जायचं नाही. पाहुण्यांना घेऊन ते चहाला गेले आणि मागं कडी वाजली.

लाइट गेलेली. पंखे बंद. खिडक्यांना गज. एक जण दारावर थापा मारून आला. बाहेरच्या रखवालदारानं त्याला सांगितलं, पावणं, माझ्या हातात काय न्हाय.

कुलसुमसमोर कोरा कागद होता. लिहिला तर खोटारडी, नाही लिहिला तर तीन वर्षं पाण्यात.

कोपऱ्यात आकाराम उभा होता. वीस वर्षं प्रयोगशाळेत काचेची भांडी धूत आलेला माणूस, शिक्षण सातवी. त्याचा बाप गुळव्या होता. काहिलीतला गूळ कधी उतरवायचा हे त्याच्या शब्दावर ठरायचं. कपाटाची एक किल्ली आकारामच्या कमरेला असायची, म्हणून जाता जाता साहेब त्यालाही बोलले होते: पोरगी खोटी नसेल तर चोर हा शिपाई.

आकारामनं बाटली खिडकीतल्या उजेडात धरली. चिमूटभर गूळ जिभेवर ठेवला. मग तो कुलसुमशेजारी बसला.

"कवा आणलास ह्यो गूळ?"

"दिवाळी झाल्यावर. तुम्हीच बाटली धुऊन दिलीसा की, तात्या."

"कुणाच्या पेढीवरनं?"

तिनं अध्यक्षांच्या रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं आणि मान खाली घातली. आकारामला तेवढं पुरलं. एवढ्यात काय लिहू नगंस, असं तिला बजावून तो उठला.

पोरांनी तोवर आपला चोर ठरवला होता. बाळासो. कुलसुमच्याच टेबलावर काम करायचा, आकारामची किल्ली मागून न्यायचा, परिसंवादातल्या बक्षिसासाठी तिच्यासारखाच त्याचाही निबंध होता, आणि दोघांचं भांडण साऱ्या वर्गाला ठाऊक होतं. दोघांनी त्याची गचांडी धरली होती. आकारामनं त्याला सोडवून खिडकीशी नेलं.

"काल कपाट उघडलंस?"

"उघडलं की. माझ्या बाटल्या तितंच हायत्या."

"तीन नंबरची बघितलीस?"

"रोज बघतोय. तंबाखूगत काळी पडलीया. परवा हिला म्हटलं, ह्यो गूळ हाय का डांबर? तवापास्नं बोलत न्हाय माझ्यासंगं."

"मग मगाशी गप का बसलास?"

"पार मागं बसलोय, तात्या. हिनं काय काढलं न काय घातलं, दिसतंय व्हय हितनं?"

दुसरी किल्ली हेरवाडे सरांकडं होती. कुलसुमचे मार्गदर्शक. तीन वर्षं हंगामी. कायम करायची ऑर्डर जूनमध्ये निघायची होती. ते व्यासपीठाच्या पायरीवर घाम पुसत बसले होते. आकारामनं कुलसुमची वही त्यांच्यापुढं धरली. दर शनिवारच्या पानाखाली लाल शाईत शेरा होता, नमुना पाहिला. खाली सही.

"सर, दर शनवारी बघत हुता न्हवं?"

"म्हणजे काय? सही दिसत नाही?"

"गेल्या शनवारी रंग कसा हुता?"

"पिवळाधमक. निबंधाच्या सारांशात छापलाय, वाच."

"सारांश ऱ्हाऊ द्या. डोळ्यांनी बघितला तवा?"

"तेव्हाही पिवळाच. किती वेळा सांगू?"

आकारामनं वही मिटली.

कडी निघाली. साहेब पाहुण्यांसह आत आले आणि त्यांनी कागद मागितला. कागद कोराच होता. आकाराम बाटली घेऊन पुढं झाला. शिपायानं मध्ये बोलू नये, असं साहेब म्हणाले. पाहुण्यांतले एक म्हातारे प्राध्यापक म्हणाले, बोलू दे.

"पूड घातलेला गूळ ताजा हाय तवर पिवळा," आकाराम म्हणाला. "व्यापारी महिन्यात इकून मोकळा हुतोय. चार महिने ठेवा, काळा पडतोय. ह्या पोरीचा पडलाय. हिच्या वहीत आठवड्याआठवड्याला लिवलाय, बाळासोनं रोज बघितलाय, म्या रोज बाटली पुसलीया. आन् ह्यो बघा, पिवळा. पुडीबिगर, भेंडीच्या चिकानं मळी काढल्याला, औंदाचा ताजा गूळ. पंधरा दिसाचा बी न्हाय."

त्यानं दम घेतला.

"आता इचार करा. बाटली बदलायची तर तिच्यागत दिसणारी आणायची. ज्यानं खरी बघितली त्यो काळी आणंल. म्या न्हायतर बाळासोनं पिवळी आणली नसती. आणली कुणी? ज्याला रंग निस्ता कागदावर ठावं हाय. सारांश गूळ आणला तवाचा हाय, त्यात पिवळाच लिवलाय. काल पुडकं बांधल्यालं हुतं. त्येनं ते न सोडताच उचललं, आपलं ठिवलं, चिठ्ठी त्येला अडकवली. त्येच्याकडं किल्ली हाय, पर चार महिन्यांत त्येनं एकदाबी बाटलीकडं बघितलं न्हाय. निस्त्या सह्या केल्या."

म्हाताऱ्या प्राध्यापकांनी वही मागून घेतली. कुलसुमच्या अक्षरात शेवटच्या शनिवारची नोंद होती: रंग काळसर तपकिरी. खाली लाल शाई: नमुना पाहिला. त्यांनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं.

हेरवाडे सर पायरीवरून उठलेच नाहीत.

"मला जूनमध्ये कायम करणार होते," ते म्हणाले. "दोन लेकरं आहेत मला."

"पुडकं कुठाय, सर?" आकारामनं विचारलं.

"माझ्याजवळ नाही. कालच द्यायला लावलं."

"कुणाला?"

हेरवाडे सरांनी मान वर केली आणि व्यासपीठावरच्या अध्यक्षांच्या खुर्चीकडं पाहिलं.

परिसंवाद संपला, सगळ्यांनी घरी जावं, असं साहेबांनी जाहीर केलं. दार सताड उघडं होतं. एकही पोर उठलं नाही. खरी बाटली हाती नसेल, तर उद्या ही गोष्ट शिपायाची बडबड ठरणार होती आणि कुलसुमचं नाव कमी होणार होतं. हे साहेबांना कळत होतं. कुलसुमलाही कळत होतं.

ती पायऱ्या चढून त्यांच्या टेबलापर्यंत गेली. आवाज चढला नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

"परीक्षेला बसवणार का न्हाय, ते मागनं सांगा. आधी ह्याचं उत्तर द्या, साहेब. माझी बाटली कुठं हाय?"